गैरहजेरी नियमित करण्याबाबत

कृष्णकांतरावांना पस्तीस वर्षांत तमिळ किती आलं, तर रजा नाकारण्यापुरतं. 'लीव इल्लै' हे दोन शब्द ते इतक्या सफाईने म्हणत की ऐकणाऱ्याला वाटे, गृहस्थ इथलाच असणार. त्यापुढचं एक वाक्यही त्यांना येत नव्हतं आणि त्याची गरजही कधी पडली नाही, कारण ते दोन शब्द ऐकल्यावर समोरचा माणूस थांबतच नसे.

१९८४ साली वाईहून येऊन ते चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या एका सरकारी कारखान्यात कारकून म्हणून लागले. आस्थापना विभागात रजेच्या टेबलावर जे बसले, ते २०१९ मध्ये ऑफिस सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त होईपर्यंत उठलेच नाहीत. 'रजा हा हक्क नव्हे' हे नियमपुस्तकातलं वाक्य टाइप करून त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. शेजारी गणपतीचा फोटो होता, जरा लहान.

मानाजी नावाचा एक फिटर होता, साताऱ्याकडचाच. आई शेवटच्या घटका मोजतेय म्हणून गावाकडून फोन आला, तसा तो साध्या कागदावर चार ओळी खरडून धावत आला. कृष्णकांतरावांनी अर्ज परत केला. अर्ज विहित नमुन्यात नव्हता. मानाजी तसाच गाडीत बसला आणि आईचं तेरावं करून परतला, तेव्हा त्याच्यासाठी विनापरवाना गैरहजेरीचं आरोपपत्र तयार होतं. त्याचा मसुदा कृष्णकांतरावांच्या हातचा. ही कथा ते मराठी मंडळाच्या गणपतीत दर वर्षी सांगत, ती नियमाला कसं धरून राहावं याचा दाखला म्हणून. ऐकणारे गप्प होत. ते आदराने गप्प होतात असा त्यांचा समज होता, आणि असा समज करून घ्यायला पस्तीस वर्षांची तपश्चर्याच लागते.

घरातही कचेरीच होती. कुठल्याही कागदावर कृष्णकांतराव पेन्सिलीने एक बारीक फुली मारून आणत आणि जिची सही हवी तिच्यापुढे कागद ठेवत. बायको विद्युलता आणि मुलगी ऊर्मी, दोघी फुलीपाशी सही करून मोकळ्या होत. कागद वाचायला घेतला की 'माझ्यावर विश्वास नाही का' इथून सुरू होणारं व्याख्यान ऐकावं लागे आणि तेवढ्यात भात करपे. तेव्हा न वाचता सही करणं ही त्या घरची रीतच पडून गेली होती.

ऊर्मी एकुलती एक. शिकली, चेन्नईच्या दक्षिण टोकाला शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली आणि २०१४ मध्ये तिचं पुष्करशी लग्न झालं. पुष्कर न्यू जर्सीत जन्मलेला आणि वाढलेला, अमेरिकेचा नागरिक. त्याची बायको म्हणून तिला आधी दोन वर्षांचं ग्रीन कार्ड मिळालं आणि लग्न खरं आहे अशी खात्री पटल्यावर दहा वर्षांचं. कृष्णकांतरावांनी हे एका झटक्यात आपल्या भाषेत बसवून टाकलं. दोन वर्षं प्रोबेशन, मग कन्फर्म. पोरगी पर्मनंट झाली! सरकारी माणसाच्या आयुष्यात याहून मोठा शब्द नसतो. कार्डाची रंगीत झेरॉक्स त्यांनी लॅमिनेट करून पाकिटात ठेवली आणि आवडी लोकलमध्ये शेजारी बसलेल्या परक्या माणसालाही ती दिसावी अशा बेताने ते तिकिटासाठी पाकीट उघडू लागले.

२०१८ मध्ये ऊर्मीला अमेरिकेचं नागरिकत्व मागता आलं असतं. तिने फोनवर नुसतं विचारलं, तर इकडे आभाळ कोसळलं. "माझ्या निवृत्तीला एक वर्ष राहिलंय," ते म्हणाले. "मुलगी परकी नागरिक झाली म्हणून माझी चौकशी लावतेस का? आणि हवंय कशाला? पर्मनंट आहेस ना? पर्मनंट माणसाला कोणी काढू शकत नाही." रजेच्या टेबलावरच्या माणसाची कोण चौकशी लावणार होतं, ते तेच जाणोत. अनय तेव्हा वर्षाचा होता, ऊर्मीची झोप पुरी होत नव्हती, वाद घालायचं त्राण नव्हतं. तिने विषय सोडला.

२०२२ मध्ये ऊर्मी आणि पुष्करचा घटस्फोट झाला. भांडाभांडी फार झाली नाही, दोघं नुसती थकली होती. अनयने एक आठवडा आईकडे, एक आठवडा बाबाकडे राहायचं, असं कोर्टाने ठरवून दिलं. कृष्णकांतरावांनी ही बातमी शेवटपर्यंत मंडळात कळू दिली नाही, म्हणजे मंडळात ती तिसऱ्याच दिवशी सगळ्यांना कळली. मग तज्ज्ञ जागे झाले. ज्यांनी चेन्नई विमानतळाच्या आत पाय टाकला नव्हता ते सांगू लागले की नवऱ्यामुळे मिळालेलं कार्ड नवऱ्याबरोबर जातं. कोणाच्या भाचीचं गेलं होतं, कोणाच्या साडूच्या सुनेला विमानतळावरूनच परत पाठवलं होतं. भाची कुठली आणि साडू कोण, हे विचारायची पद्धत मंडळात नाही.

ऊर्मीने तिथल्या वकिलाला विचारलं. त्याने दोन वाक्यांत संपवलं. दोन वर्षांचं कार्ड असतं तर घटस्फोटाने भानगड झाली असती, वेगळा अर्ज करून लग्न खोटं नव्हतं हे एकटीने दाखवावं लागलं असतं. पण दहा वर्षांचं कार्ड तिचं स्वतःचं होतं, त्याला नवऱ्याशी आता काही देणंघेणं नव्हतं. "मी म्हटलंच होतं," कृष्णकांतराव म्हणाले. त्यांनी तसं काहीच म्हटलं नव्हतं. चार दिवस त्यांनी लोकलमध्ये पाकीट उघडलं नव्हतं.

मार्च २०२३ मध्ये विद्युलताबाईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ऊर्मी तीन महिन्यांसाठी म्हणून धावत आली. अनयला देशाबाहेर न्यायची परवानगी कोर्टाने दिली नव्हती, तेव्हा तो पुष्करकडे राहिला. रोज संध्याकाळी पाचला, तिकडे शाळेची बस येण्याआधी, मायलेक फोनवर एकमेकांना बघत. तो दात दाखवी. पडलेला, हलणारा, नवा आलेला.

तीन महिन्यांचे सहा झाले. आईला उठवणं, बसवणं, भरवणं, व्यायाम, डायपर, सगळं ऊर्मीच्या अंगावर. कृष्णकांतरावांनी काय केलं? त्यांनी तक्ता केला. गोळीचं नाव, वेळ, शेरा. तक्ता फ्रिजवर लावला आणि गोळी द्यायला ऊर्मीला हाक मारली. चाळीस वर्षांच्या संसारात चहा कसा करतात हे त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि आता या वयात शिकणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं.

ऊर्मीच्या न्यू जर्सीच्या कंपनीने काही महिने घरून काम करू दिलं, मग हात वर केले. तिने शोळिंगनल्लूरला सहा महिन्यांच्या करारावर काम धरलं, आठवड्यातून दोन दिवस जायचं. आवडीहून जाताना दोन तास, येताना दोन तास. तिकडचं भाड्याचं घर तिने सोडलं नाही. बँक, गाडी, कर भरणं, सगळं तिकडेच ठेवलं. तिला परत जायचं होतं. अनय तिकडे होता, याहून अधिक कारण कुठल्याही शहाण्या माणसाला लागलं नसतं.

सप्टेंबरमध्ये वकिलाशी बोलणं झालं ते स्पीकरवर. तो म्हणाला, वर्षाच्या आत परत या. सलग वर्षाहून अधिक बाहेर राहिलात तर नुसत्या कार्डावर आत घेत नाहीत, मग तुम्ही तिकडचं घर सोडलेलं नाही हे सिद्ध करत बसावं लागतं. ऊर्मीने फेब्रुवारीचं तिकीट काढायचं ठरवलं आणि ती आईला भरवायला उठली. विषय तिच्यापुरता संपला होता.

कृष्णकांतरावांचा तिथे सुरू झाला. इतका वेळ वर्तमानपत्राआड बसलेला माणूस ताठ झाला. सलग गैरहजेरी! विनापरवाना! आणि या पोरीने वरिष्ठांना लेखी काही कळवलेलंच नाही! निवृत्तीनंतर चार वर्षांत त्यांना इतकं तरतरीत वाटलं नव्हतं. जगात कुठेही जा, कचेरी ती कचेरी आणि गैरहजेरी ती गैरहजेरी, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. कायम झालेला माणूस लांब रजेवर गेला तरी त्याची जागा राखून ठेवतात, फक्त अर्ज नीट हवा, कारण सबळ हवं आणि पोच हवी. अमेरिकेच्या सरकारला अर्ज कसा लिहायचा, हे वकिलाला काय कळणार? तो पडला खाजगी माणूस.

तीन दिवस त्यांनी मसुदा घासला. विषय: 'गैरहजेरी नियमित करण्याबाबत'. इंग्रजी त्यांचं कचेरीतलं, एकेक वाक्य पॅसेंजर गाडीच्या लांबीचं. मराठीत त्याचा मथितार्थ असा होता: अर्जदार ऊर्मी हिचा घटस्फोट झालेला असून तिथे तिचं आता कोणीही उरलेलं नाही. सबब तिने आपलं वास्तव्य कायमस्वरूपी आवडी येथे वडिलांच्या छत्राखाली हलवलं असून ती शोळिंगनल्लूर येथे कायम नोकरीत रुजू झाली आहे. आईची शुश्रूषा संपेपर्यंत तिची गैरहजेरी नियमित धरून अमेरिकेतील तिची जागा राखून ठेवावी, ही विनंती.

एकेका शब्दामागे त्यांचा विचार होता, आणि तीच तर खरी रड. नुसतं 'आईजवळ राहतेय' असं लिहिलं तर कारण लेचंपेचं वाटेल, 'कायमस्वरूपी' म्हटलं की वजन येतं. सहा महिन्यांचा करार म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. कंत्राटी कामगारांच्या रजेला त्यांनी जन्मभर हिंग लावून विचारलं नव्हतं, आता स्वतःची मुलगी कंत्राटी आहे असं लिहायचं? नोकरी कायम झाली. आणि अनय? अनय राहतो बापाकडे, म्हणजे तो पुष्करच्या कुटुंबात धरायचा. कुटुंबाच्या व्याख्येत ऊर्मीचं आता तिथे कोण? कोणी नाही. सात वर्षांचं होऊ घातलेलं जितंजागतं पोर त्यांनी रकाना चुकतोय म्हणून वगळलं.

विद्युलताबाईंच्या औषधांच्या परताव्याचे अकरा फॉर्म सहीला होते. त्यांत बारावा कागद घालून त्यांनी नेहमीप्रमाणे फुल्या मारल्या. ऊर्मीचा एक हात आईच्या पाठीखाली होता. दुसऱ्या हाताने तिने बारा सह्या केल्या.

अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने अमेरिकेच्या चेन्नईतल्या वकिलातीत गेला, आणि पंधरा दिवसांनी पोचपावतीचं कार्ड परत आलं. त्यावर कोणाची तरी पुसट आद्याक्षरं होती. कोणीतरी टपालाचा गठ्ठा घेतला, एवढाच त्याचा अर्थ. कृष्णकांतरावांना मात्र जग जिंकल्यासारखं झालं. ऊर्मीला इतक्यात सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं. वेळ येईल तेव्हा कळेल तिला, बापाने किती आधीपासून सोय करून ठेवली होती ते. पण पोटात मावेना, म्हणून ते खालच्या मजल्यावरच्या वसंताअक्कांकडे गेले आणि पोच, प्रत दोन्ही त्यांच्या हातात दिली. अक्का तंजावरकडच्या मराठी, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"हें पोरीकडे विचारूनच लिवलांत का?"

"विचारायचंय काय त्यात? सही तिचीच आहे."

"अय्यो रामा. तिकडे कोणी नाहीं म्हणून लिवलांत. मग तें लेकरूं कोणाचं हो? रोज सांजचं फोनांत बोलतंय तें?" अक्कांनी कागद परत दिला. "सेरी इल्लै. हें बरोबर नाहीं. पोरीस सांगा जाऊन, आत्तांच."

शाळेत मुलांचे निबंध तपासणाऱ्या बाईला मसुदा कसा कळावा, असा विचार करत कृष्णकांतराव जिना चढून वर आले. ऊर्मीला त्यांनी सांगितलं नाही. तेव्हा सांगितलं असतं तर ती पुढच्याच आठवड्यात विमानात बसली असती.

फेब्रुवारीत तिकिटाला नऊ दिवस उरले असताना विद्युलताबाईंना दुसरा झटका आला. अतिदक्षता विभागात बावीस दिवस. आईला नळ्यांत सोडून ऊर्मी गेली नाही, जाऊ शकली नाही, आणि मार्च उलटला. वर्ष पूर्ण झालं. वकील म्हणाला, घाबरू नका. चेन्नईच्या वकिलातीत परतणाऱ्या रहिवाशाचा खास व्हिसा मागा. दोन गोष्टी दाखवायच्या: परत जायचा इरादा कधीच सुटला नव्हता, आणि उशीर झाला तो आपल्या हातात नसलेल्या कारणाने. "तुमचा मुलगा इथे आहे, घर इथे आहे, आईचे हॉस्पिटलचे कागद आहेत. याहून सरळ केस माझ्याकडे वर्षभरात आलेली नाही," असं तो म्हणाला, आणि त्या दिवशी ऊर्मी कित्येक महिन्यांनी पोटभर जेवली.

मुलाखत मे महिन्यात ठरली, कत्तरी म्हणतात त्या तिथल्या ऐन रणरणत्या उन्हात. ऊर्मीने एकेक कागद जमवला. भाडेकरार, कराची विवरणपत्रं, कोर्टाचा अनयबद्दलचा आदेश, शाळेने पाठवलेली पत्रं, हॉस्पिटलची फाइल. शंभराच्या वर पानं झाली. "आण इकडे," कृष्णकांतराव म्हणाले, "फाइल लावणं हे येरागबाळ्याचं काम नाही." यात खोटं काही नव्हतं. पंचिंग, टॅग, पानांचे क्रमांक, रंगीत चिठ्ठ्या, वर अनुक्रमणिका. त्या कामात त्यांचा हात धरणारा आवडीत कोणी नव्हता. ऊर्मीने आदल्या दुपारी फाइल एकदा चाळली आणि मान हलवली. सकाळी ती आईला पुसत असताना त्यांनी टॅग सोडला, अर्जाची प्रत आणि पोचपावती सगळ्यांच्या वर लावली, त्याला अनुक्रमांक एक दिला, लाल चिठ्ठी डकवली आणि टॅग पुन्हा बांधला. साहेबाला पहिल्याच पानावर कळलं पाहिजे की अर्जदाराने आधीच लेखी कळवलेलं आहे. नाहीतर या मुलांना महत्त्वाचा कागद कुठे लावायचा तेवढंही समजत नाही.

वकिलातीसमोर, जेमिनीच्या पुलापाशी ते रिक्षातून उतरले. आत फक्त ऊर्मीला सोडत होते. कृष्णकांतराव समोरच्या हॉटेलात फिल्टर कॉफी घेऊन बसले आणि ती आनंदाने बाहेर आल्यावर आपण काय बोलायचं याची जुळवाजुळव करू लागले. फार बढाई नको. 'अगं, अनुभव असतो एकेकाचा,' एवढंच. दुसरी कॉफी मागवली, वेटरवर खेकसले की पेला नीट विसळत नाही.

ऊर्मी सव्वा तासाने आली. फाइल तिने छातीशी धरलेली नव्हती, एका हातात लोंबत होती. ती समोर बसली आणि लाल चिठ्ठीचं पान तिने त्यांच्याकडे फिरवलं.

"हे काय आहे, बाबा?"

"पोच आहे त्याला," कृष्णकांतराव म्हणाले. "मी सप्टेंबरातच—"

"ही सही माझी आहे. मी कधी केली?"

"परताव्याच्या फॉर्मांबरोबर. तू कामात होतीस."

ऊर्मीने फाइल मिटली. मग ती सपाट आवाजात सांगू लागली. खिडकीतली बाई चांगली होती. तिने आधी आईची चौकशी केली. मग फाइल उघडली आणि पहिलं पान वाचलं. वास्तव्य कायमस्वरूपी हलवलंय असं तुम्ही स्वतः लिहून दिलंत का, म्हणून विचारलं. नोकरी कायम आहे का, विचारलं. ऊर्मीने नाही म्हटलं, तर बाईने म्हटलं, इथे तसं लिहिलंय, खाली सही तुमचीच आहे ना? सही नाही म्हणता येईना, कारण सही तिचीच होती. वडिलांनी लिहिलं आणि मी न वाचता सही केली, असं ती म्हणाली, आणि बोलता बोलताच तिला कळलं की हे किती खोटं वाटतंय. अडतीस वर्षांची इंजिनिअर, आणि म्हणे न वाचता सही केली.

"मग तिने तिथे बोट ठेवलं," ऊर्मी म्हणाली. "तिथे माझं कोणी उरलेलं नाही, या ओळीवर. आणि विचारलं, मग पान सत्तावीसवर हा मुलगा आहे तो कोणाचा?"

कृष्णकांतरावांनी तोंड उघडलं. कुटुंबाची व्याख्या त्यांच्या जिभेवर आली होती. मुलीच्या चेहऱ्याकडे बघून ती त्यांनी गिळली. जन्मात पहिल्यांदाच एखादा नियम त्यांना तोंडपाठ असूनही सांगवला नाही.

"तू सांगायचं होतंस," ते अखेर म्हणाले, "की नजरचुकीने..."

"त्यांना ते पत्र माहीतही नव्हतं, बाबा. आठ महिन्यांत कोणी उघडलंसुद्धा नव्हतं. तुम्ही आत्ता ते माझ्या हातानं नेऊन दिलंत."

घटस्फोटाने ज्या कार्डाचा एक टवका उडाला नव्हता, आईच्या दोन झटक्यांतून आणि वर्षभराच्या मुक्कामातूनही जे वाचलं असतं, ते कार्ड कृष्णकांतरावांनी सुबक टॅग लावून घालवलं. घरी आल्यावर ऊर्मीने आईच्या कॉटपाशी बसून सगळं सांगितलं, कारण आईला सांगायची तिला लहानपणापासून सवय होती. विद्युलताबाई ऐकत होत्या. स्पीच थेरपिस्टने वर्षभर खटपट करून त्यांच्या तोंडून नुसते हुंकार निघत होते. त्यांनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडून पहिला स्पष्ट शब्द आला.

"मूर्ख."

कृष्णकांतराव आयुष्यात पहिल्यांदा कुठलीही हरकत न घेता खोलीबाहेर गेले.

पाच वाजता फोन वाजला. अनय शाळेच्या दप्तरासकट उभा होता. आई कधी येतेय हे तो रोज विचारी, तसं त्याने विचारलं. ऊर्मीने फोन कृष्णकांतरावांच्या हातात दिला. "सांगा त्याला तुम्ही," ती म्हणाली. पोराला मराठी जेमतेम कळे आणि आजोबांचं इंग्रजी अर्जाबाहेर कधी पडलं नव्हतं. त्यांनी सुरुवात केली, की सक्षम अधिकाऱ्याने तूर्त... अनय डोळे मोठे करून ऐकत राहिला. मग पलीकडे वळून इंग्रजीत ओरडला, "डॅड, आजोबा काय म्हणतायत मला कळत नाहीय." बस आली आणि तो गेला.

वकिलाने पुढच्या आठवड्यात जे सांगितलं ते असं. कार्ड आता रीतसर परत करावं लागेल, मी हे स्वखुशीने सोडतेय असं लिहून. कायमचं परत यायचं तर एक वाट आहे. मुलगा तिथला नागरिक आहे, एकवीस वर्षांचा झाला की तो आईसाठी अर्ज करू शकेल. अजून चौदा वर्षं आहेत. तोवर पाहुणी म्हणून जायचं असेल तर व्हिजिटर व्हिसा मागायचा. तिथे सगळं उलटं असतं. तिथे सिद्ध करायचं की मी परत भारतात येईन, माझं सगळं भारतातच आहे.

कृष्णकांतराव कपाटाशी गेले. अर्जाच्या उरलेल्या दोन प्रती त्यांनी काढल्या आणि फाडायला घेतल्या. कुठलाही कागद फाडताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं.

"फाडू नका," ऊर्मी म्हणाली. "वकील म्हणतोय, या व्हिसासाठी माझ्याकडे तोच सगळ्यात चांगला कागद आहे."

त्यांनी प्रती परत तिच्यापुढे ठेवल्या. आतून विद्युलताबाईंचा खोकण्याचा आवाज येत होता. ऊर्मी लॅपटॉपवर फॉर्म भरत होती आणि कृष्णकांतराव, काही सुचत नव्हतं म्हणून, तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून राहिले. प्रवासाचा उद्देश, असा रकाना आला. मुलाला शाळेत सोडणं, त्याचा दात बघणं, असला पर्याय त्यात नव्हता. तिने पर्यटन निवडलं.

पुढचा रकाना होता, किती दिवस राहणार. तिथे तिचं बोट थांबलं.

"किती लिहू, बाबा?"

हे मात्र त्यांना माहीत होतं. पस्तीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं? महिना मागणाऱ्याचा अर्ज ते बाजूला टाकत, दोन महिने मागणाऱ्याच्या डोळ्यांकडे संशयाने बघत. काय दिसलं की टेबलापलीकडचा माणूस सही करतो, हे त्यांच्याइतकं पक्कं कोणाला ठाऊक असणार? आपल्याला ठाऊक आहे याची त्यांना त्या क्षणी विलक्षण शरम वाटली, तरी ते बोलले, कारण तिला खरंच उपयोग होईल असं त्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतं.

"कमीच लिही," ते म्हणाले. "जास्त मागितलं की देत नाहीत. पंधरा लिही."

ऊर्मीने पंधरा लिहिले.